नशीब काढायला गेलेले आजोबा

आपल्या समाजातल्या जवळजवळ प्रत्येक घरात असा एक आजोबा किंवा पणजोबा सापडतोच. त्याचा विषय निघाला की म्हातारी माणसं आधी हसतात आणि मग उसासा टाकतात. "पायाला भिंगरी होती त्याच्या." "एका जागी बूड म्हणून टेकलं नाही." "नशीब काढायला गेला आणि होतं ते घालवून आला." नोकरीपेशातली पुढची पिढी हेच जरा सभ्य भाषेत सांगते : आजोबा बेजबाबदार होते, एका ठिकाणी टिकले असते तर आज आपली परिस्थिती वेगळी असती.

या शेवटच्या वाक्याशी माझं भांडण आहे. "टिकले असते तर" असं आपण म्हणतो, पण कुठे टिकले असते आणि कशावर टिकले असते, हे विचारत नाही. हा प्रश्न विचारला की आजोबांच्या स्वभावाची गोष्ट संपते आणि आपल्या समाजाचा इतिहास सुरू होतो. तो इतिहास लिहून ठेवला नाही, म्हणून त्याची जागा टिंगलीने घेतली.

माझ्या आजोबांची गोष्ट आमच्या घरात तुकड्यातुकड्यांनी सांगितली जाते. जास्त करून थोरल्या आत्या सांगायच्या. गाव नगर जिल्ह्यातलं, प्रवरेच्या खोऱ्यातलं. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. मोठ्या प्लेगच्या मागेपुढे जन्मले, एवढंच. मिसरूड फुटायच्या आत भंडारदऱ्याच्या धरणावर दगड वाहायला गेले. तिथून पलटणीत. पलटण मोडल्यावर मुंबईला गिरणीत. गिरणी सोडून एका रेल्वे स्टेशनाबाहेर चहाचं दुकान. ते बुडालं तेव्हा कातड्यांचा धंदा. चालता धंदा सोडून पुन्हा मुंबई, गोदीत कोळशाची पाटी. मधूनच कुणाच्या तरी नादाने महालक्ष्मीच्या रेसवर लावलेले पैसे. शेवटी हाती उरली एक पत्र्याची पेटी. तीत पलटणीचा एक कागद आणि बाबासाहेबांचा फोटो.

असं एका दमात सांगितलं की माणूस खरंच उडाणटप्पू वाटतो. आता यातला एकेक टप्पा त्या काळाच्या शेजारी ठेवून बघू.

गेला तर कर्तृत्व, आपला गेला तर भटकंती

बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धन सोडून घाटावर आला, त्याला इतिहास कर्तृत्व म्हणतो. रॉबर्ट क्लाइव्ह अठराव्या वर्षी कंपनीचा कारकून म्हणून मद्रासला निघाला, त्याला इंग्रजांनी साहसी म्हटलं. धीरूभाई अंबानी तरुणपणी एडनला गेले, त्याचे धडे आज व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात. घर सोडणं, धंदे बदलणं, धोका पत्करणं या सगळ्या गोष्टी त्यांच्या चरित्रात गुण ठरतात. माझ्या आजोबांनी तेच केलं तर ते दोष कसे झाले? कारण सोपं आहे. त्यांच्या धावण्याच्या शेवटी पेशवाई, साम्राज्य किंवा कंपनी उभी राहिली, आणि आपल्या आजोबांच्या धावण्याच्या शेवटी पत्र्याची पेटी. आपण निकाल बघून माणसाची किंमत करतो, मैदान सारखं होतं का हे बघत नाही. आणि वाईट याचं वाटतं, की ही मोजपट्टी आपणही आपल्याच माणसांना लावतो.

ज्या जागी टिकायचं होतं ती जागा

गावात आजोबांची जागा ठरलेली होती. तिचं नाव महार वतन. १८७४ च्या वतन कायद्याने इंग्रज सरकारने या जुन्या व्यवस्थेवर आपला शिक्का मारला. वतन हा शब्द ऐकायला भारदस्त वाटतो. पाटलाचं वतन, कुलकर्ण्याचं वतन, देशमुखाचं वतन, तसंच महाराचं वतन. पण त्याच्या पोटात काय होतं? सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवायचं. अंमलदार आला की त्याचं ओझं वाहायचं. वसुलीच्या वेळी कुळांना चावडीवर बोलावून आणायचं. गावात मयत झालं की परगावच्या सोयऱ्यांना खबर द्यायला पायी जायचं. लाकडं फोडायची, मेलेली ढोरं ओढायची. येसकराची पाळी असली की हातात काठी घेऊन रात्रंदिवस हजर राहायचं. मोबदला म्हणून हाडकी-हाडोळ्याची जमीन, जी भावकीत वाटत वाटत गुंठ्यावर आलेली, खळ्यावरचं बलुतं, आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. रोख पैसा जवळजवळ नाहीच.

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. त्याआधी 'बहिष्कृत भारता'तून त्यांनी वतनाची चिरफाड केलीच होती. त्यांचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. या नोकरीला कामाचे तास नाहीत, ती चोवीस तासांची आहे. वतनदार माणूस गावात नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कुणालाही कामावर ओढता येतं. काम सरकारचं, पण पोट गावकऱ्यांच्या मर्जीवर. आणि गाव बिघडलं की बलुतं बंद. म्हणून ज्याला वतनातून सुटायचं आहे त्याला रीतसर सुटता यावं आणि बलुत्याच्या जागी रोख रक्कम यावी, अशी ती दुरुस्ती होती. समितीत तिचा जीव काढून घेतला गेला आणि १९२९ मध्ये बाबासाहेबांना विधेयक मागे घ्यावं लागलं.

म्हणजे वतनातून सुटायचा कायदेशीर दरवाजा उघडलाच नाही. मग उरला एकच मार्ग : पाय. माझे आजोबा आणि त्यांच्यासारखे हजारो लोक ज्याला "नशीब काढायला जाणं" म्हणत होते, ते पायांनी दिलेले राजीनामे होते. कागदावर राजीनामा देता येत नव्हता, म्हणून माणसं रातोरात गाव सोडत होती.

भंडारदऱ्याचं धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं. त्याच्या पाण्याने पुढे कुणाची शेती फुलली हा वेगळा विषय आहे. पण आत्या सांगायच्या, की आजोबांनी हातात पहिल्यांदा मोजून घेतलेला पैसा हा त्या धरणावरचा. काम मरणाचं होतं, मुकादम शिव्या देई, हिवतापाने माणसं आडवी होत. तरी आजोबा त्या दिवसांबद्दल आनंदाने बोलायचे. आठवड्याचा हिशोब व्हायचा, पैसे हातावर पडायचे आणि संध्याकाळनंतर कुणी हाक मारायला येत नसे. "संध्याकाळ आपली असते हे मला धरणावर कळलं," असं ते म्हणायचे म्हणे. गावात महाराची संध्याकाळ कधीच त्याची नव्हती.

प्रत्येक दारावर तीच पाटी

दुसरा टप्पा पलटणीचा. महारांचं सैन्याशी नातं जुनं. भीमा कोरेगावचा स्तंभ त्याची साक्ष देतो. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी सकपाळ सैन्यात होते, वडील रामजी सुभेदार झाले, लष्करी शाळेत शिक्षक झाले. पण १८९० च्या दशकात इंग्रजांनी 'लढवय्या जाती'चं खूळ काढून महारांची भरती बंद केली. ज्या एका दाराने आपल्या लोकांना पगार, पेन्शन, अक्षरओळख आणि अंगावर स्वच्छ कपडा मिळाला होता, ते दार बंद. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायतेच्या मंत्र्यापर्यंत विनंती पोचवली. दाद लागली नाही. मग पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडायला लागली, आणि १९१७ मध्ये तेच सरकार '१११ महार' ही पलटण उभी करायला निघालं. आजोबा तिच्यात शिरले. १९२१ मध्ये, लढाईची गरज संपल्यावर, पलटण मोडून टाकली.

आमच्या घरात हे कसं सांगितलं जातं? "पलटणीतही टिकला नाही." वाचकहो, पलटणच टिकली नाही, तो कुठे टिकणार?

तिसरा टप्पा गिरणीचा. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं मोठ्या संख्येने होती, पण सूतकताईच्या खात्यात आणि झाडलोटीच्या, हमालीच्या कामात. साच्याच्या खात्यात, म्हणजे विणकामात, पगार बराच जास्त, आणि तिथे अस्पृश्याला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक तोंडाने ओढावं लागे. महाराने तोंड लावलेला धोटा बाकीचे कामगार धरणार नाहीत. भांडवलदार पारशी असो, भाटिया असो, की इंग्रज. यंत्र मँचेस्टरचं असो. धोटा मात्र मनुस्मृतीप्रमाणे चालला. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला, आणि लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी नाइलाजाने का होईना, तो मागण्यांत घेतला. आजोबा त्याच्या आधीच गिरणीतून बाहेर पडले होते. आत्या सांगायच्या, की त्यांना साचा चालवायचा होता. शेजारच्या खात्यात उभं राहून त्यांनी बघून बघून काम शिकून घेतलं होतं. पण शिकलेलं काम करायला मिळेना. माणसाला वरची पायरी दिसते, चढायची ताकद आहे, आणि जातीमुळे पाय ठेवू देत नाहीत. तेव्हा तो माणूस ती इमारतच सोडून जातो. याला चंचलपणा म्हणायचं का?

चौथा टप्पा चहाच्या दुकानाचा. पलटणीत आणि गिरणीत साठवलेल्या पैशावर त्यांनी स्टेशनाबाहेर दुकान टाकलं. चार महिने बरं चाललं. मग गावाकडचा कुणीतरी उतरला, त्याने ओळखलं आणि बातमी फिरली. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक बंद. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त कप रिकामे राहिले. आजकाल आपल्या पोरांना सांगतात, की बाजार जात बघत नाही, फक्त माल बघतो. आजोबांच्या चहाला काय खोट होती? साखर तीच, दूध तेच. बाजाराने माल नाही पाहिला, हात पाहिला.

चालता धंदा का सोडला?

घरातली सगळ्यात मोठी तक्रार पुढच्या टप्प्याबद्दल आहे. चहा बुडाल्यावर आजोबांनी कातड्यांचा धंदा धरला. आसपासच्या महारवाड्यांतून मेलेल्या ढोरांची कातडी गोळा करायची, मीठ लावून बांधायची आणि रेल्वेने मुंबईला, धारावीच्या बाजूला पाठवायची. हा धंदा चालला. आजीच्या पायात चांदीचे तोडे आले, घरावर पत्रा आला. आणि मग आजोबांनी तो सोडला. का सोडला, हे सांगताना घरातली माणसं खांदे उडवतात : "आली लहर."

ती लहर महाडहून आली होती. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद झाली. चवदार तळ्याचं पाणी आपल्याला आठवतं, पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळ्या तुकड्यांची आशा सोडा, गावकीची हीन कामं सोडा, असं बजावलं होतं. हे शब्द गावोगाव पोचले. मेलेलं ढोर ओढायचं नाही असे ठराव ठिकठिकाणी झाले आणि त्यापायी आपल्या लोकांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसले. आजोबांचा धंदा नेमका त्याच ढोरांवर उभा होता.

आमच्याच जिल्ह्यातल्या संगमनेरची एक हकिकत बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सांगितली आहे. एका बातमीदाराने त्यांना विचारलं होतं, की तुमचे लोक इतके गरीब, आणि तुम्ही त्यांना मेलेली ढोरं ओढू नका म्हणता. कातडं, शिंगं, हाडं यांचं एवढं उत्पन्न बुडतं. बाबासाहेबांचं उत्तर असं, की एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही? ओढा तुम्ही ढोरं, वर माझ्याकडूनही पैसे घ्या. नफ्याच्या गणितातली लबाडी त्यांनी एका प्रश्नात उघडी पाडली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. कातड्याचं काम हलकं आहे असं माझं म्हणणं नाही. कुठलंच काम हलकं नसतं. जे भाऊ आज चामड्याच्या धंद्यात आहेत, कारखाने चालवतात, त्यांचा मला अभिमान आहे. पण आजोबांनी पाच दारं ठोठावली आणि नेमकं तेच एक उघडलं, ज्यावर त्यांची जात लिहिलेली होती. साचा मिळाला नाही, बंदूक काढून घेतली, चहा कुणी प्याला नाही, आणि मेलेलं ढोर मात्र बिनबोभाट मिळालं. त्यांनी तो धंदा सोडला, कारण तो त्यांनी निवडलेला नव्हता. घरातल्या हिशोबात हा तोटा आहे. माझ्या हिशोबात त्यांच्या आयुष्यातला हा पहिला खरा स्वतंत्र निर्णय आहे.

आजीचा हिशोब

एवढं सांगून थांबलो असतो तर हा लेख एका पुरुषाचं कौतुक होऊन बसला असता. म्हणून आता आजीकडे येऊ.

वर लिहिलंच आहे, की वतनदार गावात नसेल तर त्याच्या घरातल्या कुणालाही कामावर ओढता येई. आजोबा पळाले तेव्हा वतन पळालं नाही. येसकराची पाळी आमच्या घरावर आली की ती आजीला आणि दहा वर्षांच्या थोरल्या चुलत्याला करावी लागली. चुलत्याच्या हातात त्याच्यापेक्षा उंच काठी. त्याची शाळा तिथेच सुटली आणि तो जन्मभर अंगठाबहाद्दर राहिला. आजी पाटलाच्या वाड्यावर लाकडं पोचवायची, जात्यापाशी लांब उभी राहून भाकरीची वाट बघायची. चांदीचे तोडे आले तसे सावकाराकडे गेले. आजोबांच्या भटकंतीबद्दल विचारलं की ती एकच वाक्य बोलायची : "तो गेला सुटून, मी राहिले बांधून."

हे वाक्य आपल्या सगळ्या गौरवगाथांच्या वर लिहून ठेवायला हवं. गाव सोडून जाणारा माणूस बंडखोर ठरतो. मागे राहून त्याच्या बंडाची किंमत मोजणारी बाई कुठल्याच इतिहासात येत नाही. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये गोऱ्या साहेबांकडे बटलर असलेल्या आजोबांबद्दल आणि कंत्राटदार वडिलांबद्दल लिहिलं. आणि त्याच वडिलांनी आईला घराबाहेर पडू दिलं नाही, हेही तितक्याच ठामपणे लिहिलं. तो प्रामाणिकपणा आपल्याला पाहिजे. आजोबांचा दोष झाकायचा नाही. रेसवर उडालेला पैसा हा आजीच्या घामाचाही होता. पण आजीला बांधणारा दोर आजोबांनी वळला नव्हता, तो वतनाने वळला होता. एकाला सोडताना दुसऱ्याला आवळणारी ती गाठ होती, आणि म्हणूनच ती एकेकट्याने पळून सुटणारी नव्हती. ती कायद्यानेच तुटायची होती.

एकट्याची धाव आणि सगळ्यांची वाट

नशीब काढायला गेलेल्यांतले काहीजण वेगळंच काहीतरी घेऊन परतले. पंजाबातले मंगूराम मुगोवालिया १९०९ मध्ये अमेरिकेला, कॅलिफोर्नियाच्या फळबागांत मजुरीला गेले. तिथे गदर चळवळीत पडले. १९२५ मध्ये परतले ते पैसा घेऊन नाही, तर समतेची चव घेऊन. आणि पुढच्याच वर्षी त्यांनी आदिधर्म चळवळ उभी केली. १९३१ च्या जनगणनेत पंजाबात चार लाखांवर लोकांनी आपला धर्म आदिधर्म लिहिला. दक्षिणेत कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरलेल्या तमिळ दलित मजुरांनी सोनं काढलं ते कंपनीसाठी. पण त्याच वस्तीत पंडित अयोतीदास यांच्या बौद्ध चळवळीची शाखा रुजली. आपल्याकडे महाड परिषदेच्या आखणीत पुढे असलेले आर. बी. मोरे हेही लहानपणापासून पोटासाठी वणवण केलेले गृहस्थ. रामजी सुभेदारांचंच बघा. महू, दापोली, सातारा, गोरेगावची नोकरी आणि अखेर मुंबई. तेही एका जागी टिकले असते तर?

या माणसांना बाहेर नशीब सापडलं असेल-नसेल, पण गावाबाहेर माणूस म्हणून जगता येतं हे कळलं. ते एकदा कळलं की परत वाकता येत नाही. आमच्या आजोबांनी चळवळीचं नाव काढलं असं काही नाही. पण डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला महार-मांग वतनदारांची परिषद झाली, बाबासाहेब आले, तेव्हा गोदीतली मजुरी बुडवून आजोबा तिथे हजर होते. ज्या वतनापासून ते वीस-पंचवीस वर्षं पळत होते, त्याच्याविरुद्ध ते पहिल्यांदा चार माणसांत उभे राहिले. आत्या म्हणायच्या, की त्यानंतर ते रेसला गेले नाहीत.

मग जमिनीचं काय?

राहता राहिला घरातला शेवटचा आरोप : त्यांच्यामुळे जमीन गेली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली आणि ठरलेली रक्कम भरून त्या जमिनी वतनदारांना परत देण्याची सोय झाली. तोवर आजोबा वारले होते. गावात राहिलेल्या भावकीने पैसे भरले, नावं लावून घेतली. आमचं नाव लागलं नाही. आज त्या रस्त्याला भाव आला आहे आणि माझे चुलतभाऊ सातबारा काढून हळहळतात.

मी त्यांना एवढंच विचारतो : त्या गुंठ्यांसाठी किती पिढ्यांनी काठी धरायची होती? थोरल्या चुलत्याची गेलेली शाळा कुठल्या गुंठ्यात मोजणार? ज्यांची नावं लागली त्यांच्याही जमिनी नवीन शर्तीच्या. परवानगीशिवाय विकता येत नाहीत, आणि परवानगीच्या फेऱ्यात दलाल कसे शिरतात हे गावोगावचे लोक जाणतात. हक्काची जमीन लढून घ्यायला हवीच. वतनाच्या जमिनी बळकावल्या गेल्या असतील तिथे लढा दिलाच पाहिजे. पण त्यासाठी आजोबांना गुन्हेगार ठरवायची गरज नाही.

आमचं घर वर आलं ते कशाने? माझ्या वडिलांना रेल्वेत कायम नोकरी लागली. १९४३ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखीव झाल्या. पुढे संविधानाने त्याला पक्का आधार दिला. आजोबा चाळीस वर्षं नशिबाच्या मागे धावले आणि जे मिळालं नाही, ते मुलाला एका नियमाने दिलं. अंगात धावण्याची ताकद आजोबांकडे जास्त होती. फरक एवढाच, की एकाच्या काळात नशीब होतं आणि दुसऱ्याच्या काळात हक्क आला. हक्क आला आणि आमच्या घराच्या पायाची भिंगरी थांबली. वडील एकाच खात्यात तीस वर्षं राहिले. स्वभाव वारशाने येतो म्हणतात. मग आजोबांचा चंचलपणा वडिलांमध्ये का उतरला नाही?

आता आजूबाजूला बघा. कायम जागा भरल्या जात नाहीत. सफाईपासून संगणकापर्यंत सगळं कंत्राटावर. अकरा महिन्यांचा करार, मग नवा ठेकेदार. पदवी घेतलेली आपली पोरं दिवसा एका कंपनीचं जेवण पोचवतात, रात्री दुसऱ्या कंपनीची गाडी चालवतात, आणि मधल्या वेळेत मोबाइलवर शेअरचे आकडे बघत बसतात. कुणी विचारलं तर म्हणतात, बघू, नशीब काढतो. हा शब्द पुन्हा आपल्या घरात शिरला आहे. ज्या दिवशी हक्क मागे हटतो, त्या दिवशी नशीब पुढे येतं. उद्या या पोरांनाही त्यांची नातवंडं म्हणतील, की एका जागी बूड टेकलं नाही.

म्हणून दोन कामं करू या. एक, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून, आणि आधी बायकांकडून, या गोष्टी लिहून घेऊ. आजोबा कुठल्या साली, कुठल्या कामावर, किती मजुरीवर गेले, का सोडलं, मागे पाळी कुणी केली, हे विचारू. पेटीतले पलटणीचे, गोदीचे, गिरणीचे कागद जपू. तहसीलमधून जुने फेरफार आणि वतनाची नोंद काढून ठेवू. आपला इतिहास दुसरं कुणी लिहिणार नाही. आणि दुसरं, कायम नोकरी, राखीव जागा, शिष्यवृत्ती यांच्यासाठी रस्त्यावर येताना लक्षात ठेवू, की हे सवलतीचं भांडण नाही. आपल्या नातवंडांनी नशिबाच्या मागे धावू नये, यासाठीचं ते भांडण आहे.

जय भीम!